सिम्फनी लावली की पाचव्या मिनिटाला लक्ष उडतं? मला लागू पडलेले उपाय

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं आणि माझं दुखणं एकच आहे का ते कळेल. रात्रीची जेवणं झाली, खळ्यात खुर्ची टाकली, फोनवर बीथोव्हनची पाचवी सिम्फनी (सिम्फनी म्हणजे पाश्चात्य ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली लांब रचना) लावली. सुरुवातीचे ते चार सूर, तीन आखूड आणि एक लांब, ऐकून अंगावर काटा येतो. मिनिटभर झकास. मग हळूहळू नुसतं काहीतरी वाजतंय एवढंच उरतं, मग आवाज बारीक होतो म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो, तेवढ्यात सगळे मिळून असे तुटून पडतात की आत झोपलेली माणसं उठतात, आपण घाईघाईने व्हॉल्यूम खाली आणतो, आणि पाचव्या मिनिटाला आपल्या डोक्यात उद्या बागेत फवारणीला गडी येणार का नाही हे चालू असतं. मग ते बंद करायचं, एखादं जुनं गाणं लावायचं आणि झोपायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा उत्साह, पुन्हा तेच.

माझं हे जवळजवळ तीन वर्षं चाललं. मी देवगडचा, आंब्याची बाग आहे, हंगाम उरकला आणि लावणी आटोपली की पावसात रात्री रिकाम्या मिळतात, त्या सगळ्या मी यात घातल्या. आणि दर वेळी मनाशी निकाल एकच लावायचो की हे आपल्यासाठी नाही, त्याला लहानपणापासून कान तयार लागतो. हा निकाल चुकीचा आहे हे मला आज अगदी ठामपणे सांगायचंय. आपल्याकडे डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, पहाटेपर्यंत बसणारी माणसं आहेत, कुठल्या बुवाने गजर कुठे उचलला, पखवाजवाला कुठे अर्धी मात्रा आधी आला हे त्यांना झोपेतही कळतं. असा कान असलेल्या माणसाला कान नाही असं कोण म्हणेल. दोष कानात नाही, दोष तीनचार वेगळ्याच ठिकाणी आहे आणि तो एकेक करून काढता येतो.

एक गोष्ट आधीच साफ करतो. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीत स्टेजवर होणारा हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यासमोर येतो. मी बोलतोय तो ऑर्केस्ट्रा म्हणजे साठ-सत्तर, कधी शंभर वादकांचा ताफा, निम्म्याहून जास्त तंतुवाद्यं (व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास), मग लाकडी फुंकवाद्यं, मग पितळी, मग टिंपनी आणि बाकीची ठोकायची वाद्यं. गायक बहुतेक वेळा नसतो. शब्द नसतात. हे शब्द नसणं लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

पहिली तपासणी: पुरा आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय का?

माझं निम्मं दुखणं इथे होतं आणि मला तीन वर्षं पत्ता नव्हता. मी फोनच्या स्पीकरवर ऐकत होतो. डबल बासचा सगळ्यात खालचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो, चेलोचा साधारण ६५ हर्ट्झचा. फोनचा स्पीकर एवढ्या खालचं वाजवूच शकत नाही, तो बोटाच्या पेराएवढा असतो. म्हणजे तुम्ही डग्गा काढून घेतलेला तबला ऐकताय, नुसती चाट, नुसती किनार. एकदोन मिनिटं डोकं तेवढ्यावर भागवतं, मग थकतं. आणि थकलं की लक्ष उडतं, ते साहजिकच आहे.

खात्री करायची असेल तर सोपी परीक्षा आहे. पाचव्या सिम्फनीचा तिसरा भाग लावा (सिम्फनीचे भाग असतात, बहुतेक वेळा चार, ॲपवर ते चार वेगळे ट्रॅक दिसतात). तो भाग सुरू होतो फक्त चेलो आणि डबल बासवर, अगदी हळू आवाजात, अंधारात कोणीतरी दबकत यावं तसा. फोनच्या स्पीकरवर इथे जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही, ट्रॅक अडकला की काय असं वाटेल. मग साधा वायरचा इअरफोन लावून तोच अर्धा मिनिट ऐका. फरक इतका आहे की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ट्रॅक मागे नेऊन पाच वेळा ऐकला.

भारी हेडफोन लागत नाहीत. दोन्ही कानांत नीट बसणारा, थोडा बास देणारा कुठलाही चालतो. पण आपल्याकडे खाऱ्या हवेने जॅकला गंज धरतो आणि मग एका कानातला आवाज जातयेत राहतो, आणि ऑर्केस्ट्रात एक कान गेला म्हणजे साधारण निम्मी माणसं उठून गेली असं समजा, कारण रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन बहुधा डावीकडे आणि बासची मंडळी बहुधा उजवीकडे असतात. तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. श्रावणात कानावरच्या फोमला बुरशी येते, अधूनमधून ऊन दाखवा.

व्हॉल्यूमची झटापट

सिनेमाचं गाणं रेकॉर्ड करताना आवाज बराचसा एका पातळीवर आणलेला असतो, कारण ते रिक्षात, हॉटेलात, सगळीकडे ऐकू यायला हवं. ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगमध्ये तसं फारसं करत नाहीत. हळू म्हणजे खरंच हळू, मोठं म्हणजे खरंच मोठं, आणि या दोघांमधल्या अंतरातच अर्धं संगीत असतं. त्यामुळे व्हॉल्यूमशी खेळत बसलात तर संगीतकाराने केलेलं काम तुम्ही उलटं करत राहता.

उपाय असा की सुरुवातीपासून व्हॉल्यूम लावायचाच नाही. आधी त्या कृतीतली सगळ्यात दणदणीत जागा काढायची, पाचव्यासाठी ती चौथ्या भागाची सुरुवात, तिथे आवाज मोठा पण कानाला सोसेल एवढा ठेवायचा, मग मागे येऊन पहिल्यापासून लावायचं आणि नंतर हात लावायचा नाही. हळू जागा ऐकू येत नसतील तर व्हॉल्यूम वाढवू नका, खोलीतला आवाज कमी करा. पंखा बंद करा. पत्र्याखाली पाऊस पडत असेल तर त्या रात्री सिम्फनीचा नाद सोडा, पत्र्यावरच्या पावसापुढे व्हायोलिनची कुजबुज टिकत नाही, मी खूप वेळा हट्ट करून पाहिलाय. कौलाच्या खोलीत जमतं.

यूट्यूबवर ऐकत असाल तर सेटिंगमध्ये स्टेबल व्हॉल्यूम नावाची सोय आहे, ती हळू-मोठं सारखं करते. स्वयंपाकघरात किंवा गाडीत ऐकायचं असेल तर ती चालू असलेली बरी, पण रात्री शांत बसून इअरफोनवर ऐकताना बंद करा. स्पॉटिफायमध्ये व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन म्हणून आहे, त्यातला लाऊड हा पर्याय घेऊ नका.

आणि शफल बंद आहे ना ते बघा. हसण्यावारी नेऊ नका, माझ्या मावसभावाने महिनाभर चौथा भाग आधी आणि दुसरा नंतर ऐकला आणि मग मला सांगायला लागला की याला काही आगापिछा नाही. क्रॉसफेडही (एक ट्रॅक संपता संपता दुसऱ्यात मिसळणारी सोय) बंद करा. पाचव्यात तिसऱ्या भागातून चौथ्यात जाताना मध्ये थांबायचं नाहीये, टिंपनी हळूच टकटकत राहते, सगळं जणू श्वास रोखून असतं आणि त्यातून एकदम ट्रॉम्बोनसकट सगळा ऑर्केस्ट्रा उजळतो. बरोब्बर तिथे जाहिरात लागली तर वीस-पंचवीस मिनिटांची सगळी मेहनत पाण्यात. फुकटच्या ॲपवर हे होतंच, शिवाय आपल्या उतारावरच्या घरांना नेटवर्क येतंजातं, म्हणून पैसे भरून डाऊनलोड करा नाहीतर सीडी मिळवा. माझं मत विचाराल तर या छंदावर पहिला खर्च हाच करावा, हेडफोनवर नंतर.

आता मुख्य बिघाड

वरचं सगळं केलं तरी माझं लक्ष उडायचं. कमी उडायचं, पण उडायचं, आणि मजा म्हणजे ठरावीक जागीच उडायचं. मी आंब्याच्या पेट्यांचा हिशेब लिहितो त्या वहीत मागच्या पानावर मिनिटं लिहायला लागलो, कुठे हरवलो ते. चारपाच दिवसांत दिसलं की दर वेळी जवळपास तीच जागा.

कारण कळायला वाजवायची पेटी, म्हणजे हार्मोनियम, घेऊन बसावं लागलं. आपल्या संगीतात षड्ज, म्हणजे सा, एकदा लावला की लावला. तानपुरा सुरू झाला की तासभर सा तिथेच, गवई कितीही लांब गेला तरी घर कुठे आहे ते आपल्या कानाला कायम माहीत असतं. भजनातही बुवांनी काळी चार (पेटीवरची चौथी काळी पट्टी) धरली की सगळी बारी काळी चारवर. सिम्फनीत तसं नसतं. तिथे सा हलतो. आणि तो मुद्दाम हलवलेला असतो, तोच तर सगळा खेळ आहे.

मोझार्टची चाळीसावी घ्या. १७८८ च्या उन्हाळ्यात त्याने लागोपाठ तीन सिम्फनी लिहिल्या, त्यातली ही मधली. हिची सुरुवात तुम्हाला येते, कारण सलील चौधरींनी १९६१ च्या 'छाया' सिनेमात 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' ची चाल याच सुरावटीवरून घेतली. तर पहिला भाग सुरू होतो पांढरी पाचमध्ये, कोमल गंधाराचा (म्हणजे ग जरा उतरलेला), थोडा कासावीस असा. थोड्या वेळाने दुसरी एक सुरावट येते, जास्त मऊ, पण तोपर्यंत सा पांढरी पाचवरून काळी पाचवर गेलेला असतो आणि गंधार शुद्ध झालेला असतो. म्हणजे मुक्काम बदलला. मग हे सगळं एकदा पुन्हा वाजतं (बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये). आणि मग येते ती जागा जिथे मी दर वेळी हरवायचो: मोझार्ट काही कळायच्या आत सुरुवातीची सुरावट उचलून काळी तीनमध्ये नेऊन ठेवतो, पांढरी पाचच्या बरोब्बर शेजारच्या पट्टीत, आणि तिथून पुढे एका पट्टीत दोन क्षणही थांबत नाही. तुमचा कान तानपुऱ्यावर वाढलेला, तो घर शोधत असतो, घर सापडत नाही, आणि घर सापडेना की मन आपलं आपलं फवारणीच्या गड्याकडे निघून जातं.

म्हणजे ज्याला मी कळत नाही म्हणत होतो ते उलट होतं. कानाला कळत होतं की सा गेला, पण तो मुद्दाम नेलाय आणि परत आणणार आहेत हे कोणी सांगितलं नव्हतं.

परत आणतातच. हे एकदा मनात बसलं की ऐकणं बदलतं. अशा पहिल्या भागाची साधारण रचना मी स्वतःसाठी तीन शब्दांत ठेवलीय: मांडणी, मोडतोड, परतणं. मांडणीत दोन मुख्य सुरावटी येतात, पहिली घरातली, दुसरी शेजारच्या गावची. मोडतोडीत त्यांचेच तुकडे करून वेगवेगळ्या पट्ट्यांत फिरवतात, भांडवतात. मग पहिली सुरावट आपल्या मूळ पट्टीत परत येते आणि या वेळी दुसरीलाही घरीच यावं लागतं. मोझार्टच्या चाळीसाव्यात तर हे काळीज हलवणारं आहे, कारण जी दुसरी सुरावट आधी शुद्ध गंधाराची, जरा मोकळी होती, तीच परतताना कोमल गंधाराची होऊन येते. तीच वाट, पण जाताना उजेड होता आणि येताना तिन्हीसांजा झाल्या.

माझ्या आईला यातलं मी काही सांगितलं नव्हतं. ती भजनाला बसणारी, सिम्फनी शब्दही तिला नवा. एकदा ती ओटीवर भाजी निवडत होती, मी स्पीकरवर हाच भाग लावला होता, मोडतोड संपली आणि पहिली सुरावट परत आली तशी ती मान वर न करता म्हणाली, "ह्यां मगाशी येवन गेलेलां, तांच परत इलां." मी तीन वर्षं ज्याच्या मागे होतो ते हेच. तिच्या हातून ते होऊन गेलं, कारण गजरावरून पुन्हा मूळ चालीवर येणं तिच्या कानात मुरलेलं आहे. त्या दिवसापासून मी नव्या माणसाला एकच काम देतो: दुसरं काही करू नकोस, फक्त सुरुवातीची सुरावट परत कधी येते ते पकड आणि तेव्हा बोट वर कर.

घरात पेटी असेल तर पहिल्या सुराला सा लावून ठेवा आणि अधूनमधून दाबून बघा, जुळतोय का भांडतोय. हे दोनतीनदा केलं की सा कुठे सुटला आणि कुठे परत लागला ते पेटीशिवाय कळायला लागतं. बीथोव्हनच्या पाचव्यालाही हे करून बघा: ती पांढरी एकवर सुरू होते कोमल गंधार घेऊन, आणि शेवटचा भाग पांढरी एकवरच, पण शुद्ध गंधाराचा. अर्धा तास चाललेली सगळी झुंज त्या एका गंधारासाठी आहे असं मला वाटतं.

लांबी आणि उलटी लय

आपला ख्याल विलंबितातून द्रुताकडे जातो. आधी सगळं शांत, जागा ओळखीची होते, मग वेग. सिम्फनीत बहुतेक वेळा पहिला भाग वेगात, दुसरा संथ, तिसरा नाचाच्या ठेक्याचा, चौथा पुन्हा वेगात. म्हणजे ओळख होण्याआधीच धावपळ, आणि आपण धाप लागून बसलो की मग विलंबित. त्यात दोन भागांमध्ये शांतता, संपलं असं वाटून आपण उठतो. आणि शब्द नाहीत, त्यामुळे अभंगासारखं ओळीला धरून राहता येत नाही.

म्हणून पूर्ण सिम्फनी लावूच नका. एक भाग, आठवडाभर, रोज तोच. खरंच रोज तोच. पहिले दोन दिवस तो परका असतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बागेत काम करताना त्यातला एखादा तुकडा तोंडात येतो, आणि तोंडात आला की समजा काम झालं. आपल्याला गाणी आवडतात ती तरी कशामुळे, शंभर वेळा कानावर पडल्यामुळेच ना. इथे तेवढी संधी आपण देत नाही, एकदा ऐकतो आणि निकाल लावतो.

कुठून सुरुवात करायची त्याबद्दल माझी मतं पक्की आहेत. सगळ्यात आधी ग्रीगचं 'इन द हॉल ऑफ द माउंटन किंग', जेमतेम अडीच मिनिटांचं, एकच छोटी चाल खालच्या सुरांत दबक्या पावलांनी सुरू होते आणि लय चढत चढत शेवटी सुसाट. बारी चढत जाते तसंच. इथे हरवायला जागाच नाही. मग विवाल्डीच्या 'फोर सीझन्स' मधल्या उन्हाळ्याचा शेवटचा भाग. १७२५ मध्ये छापलेल्या या चार कॉन्चेर्टोंबरोबर (एक वाद्य पुढे आणि बाकीचा ताफा साथीला अशा रचना) कविताही आहेत, उन्हाळ्याच्या कवितेत आधी उकाड्याने माणसं-गुरं हैराण, मग माशा आणि लांबचा गडगडाट, मग गारांचं वादळ जे पीक झोडपून काढतं. मेच्या शेवटी तयार आंबा झाडावर असताना ज्याने वळिवाचं आभाळ बघितलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पहिल्यांदा ऐकताना माझ्या पोटात गोळा आला होता.

मग हायडनच्या ९४ व्या सिम्फनीचा दुसरा भाग. १७९२ मध्ये लंडनला पहिल्यांदा वाजली. पोरासोरांना म्हणता येईल इतकी साधी चाल, आधी हळू, मग त्याहून हळू, आणि मग एक जागा येते, ती मी सांगत नाही. मुलांना बरोबर बसवा. त्यानंतर वर सांगितलेला मोझार्टच्या चाळीसाव्याचा पहिला भाग, आणि मग बीथोव्हन.

समुद्राकाठी राहतो म्हणून मी सुरुवात केली होती डेब्यूसीच्या 'ला मेर' ने, म्हणजे समुद्र. ती चूक होती. १९०५ ची ही रचना अतिशय सुंदर आहे पण तिच्यात धरायला गाण्यासारखी चाल नाही, पाण्यावरचा उजेड जसा क्षणोक्षणी बदलतो तसं सगळं बदलतं, आणि नव्या माणसाच्या हाताला काही लागत नाही. दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा ती उलगडली. समुद्रच हवा असेल तर आधी मेंडेल्सनचं 'हेब्रिडीज' घ्या, दहा मिनिटांचं, १८२९ मध्ये तो स्कॉटलंडच्या बेटांवर गेला होता तिथे त्याला ते सुचलं. सुरुवातीला खालच्या वाद्यांतली एकच छोटी लाट येते आणि पुन्हा पुन्हा येत राहते, आणि ती लाट धरून शेवटापर्यंत जाता येतं. भरती लागताना मिठमुंबरीच्या वाळूत बसून ऐकलंय मी ते.

माहलर सध्या नको. त्याची तिसरी सिम्फनी दीड तासाच्या वर जाते.

काही बारीकसारीक तक्रारी

झोप येते ही तक्रार सगळ्यांची. संथ भाग दुपारी मासे-भातावर लावलात तर झोप येणारच, त्यात संगीताचा दोष नाही. सकाळी लावा. ड्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीचा दुसरा भाग मी पहाटे चहाबरोबर ऐकतो, १८९३ मध्ये न्यूयॉर्कला कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजलेली ही सिम्फनी. आधी पितळी वाद्यांचे गंभीर सूर आणि मग एक एकटं वाद्य गायला लागतं, त्याचं नाव इंग्लिश हॉर्न. नावावर जाऊ नका, ते शिंगाच्या जातीचं नाही, ओबोच्या घरातलं आहे, आणि ओबो म्हणजे आपल्या सनईसारखंच दोन पात्यांच्या जिभलीचं वाद्य. सनईवर वाढलेल्या कानाला हा आवाज लगेच आपला वाटतो. बीथोव्हनच्या पाचव्याच्या पहिल्या भागातही परतण्याच्या वेळी सगळा गोंधळ एकदम थांबतो आणि ओबो एकटी दोन क्षण गाते, ती जागा शोधा.

कोण काय वाजवतंय ते कळत नसेल तर सुरुवातीला व्हिडिओ बघा. फ्रांकफुर्टच्या रेडिओ ऑर्केस्ट्राचे यूट्यूबवर खूप आहेत, ज्याचं वाद्य पुढे येतं त्याच्यावर कॅमेरा जातो. तीनचार वेळा बघून मग डोळे मिटून ऐका. मुलांसाठी प्रोकोफिएव्हचं 'पीटर अँड द वुल्फ' आहे, १९३६ चं, त्यात प्रत्येक पात्राला एक वाद्य: पक्षी बासरी, बदक ओबो, मांजर क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे बासून नावाचं लाकडी फुंकवाद्य, लांडगा म्हणजे तीन हॉर्न. माझ्या भाच्याला वाद्यं ओळखता आली ती यावरून, मला त्याच्यानंतर.

कुठलं रेकॉर्डिंग घ्यायचं यावर लोक तासन्‌तास बोलतात. नव्याने त्यात पडू नये. एक घ्या आणि महिनाभर तेच ठेवा, कारण लय प्रत्येकाची वेगळी असते आणि रोज वेगळं ऐकलंत तर ओळख होतच नाही. पाचव्यासाठी विचाराल तर कार्लोस क्लायबर या कंडक्टरने (समोर उभं राहून हातांनी ऑर्केस्ट्रा चालवणारा तो कंडक्टर) व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर १९७४ मध्ये केलेलं, त्यात एक क्षणही ढिला नाही.

नावांची भीती वाटते तिचंही सांगतो. अलेग्रो म्हणजे द्रुत, आंदान्ते म्हणजे चालत्या पावलांचं, आदाज्यो आणि लार्गो म्हणजे विलंबित, प्रेस्तो म्हणजे अतिद्रुत. एवढं पुरतं. शोधताना संगीतकाराचं नाव, सिम्फनीचा नंबर आणि ओपस नंबर (त्या संगीतकाराच्या रचनांमधला क्रमांक) टाका, पाचवीचा ओपस ६७, म्हणजे कापून छोटं केलेलं किंवा मागे पावसाचा आवाज घातलेलं काहीतरी पदरात पडणार नाही.

जमलं तर एकदा प्रत्यक्ष ऐका. मुंबईत एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यांचे मोठे कार्यक्रम साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात असतात. सप्टेंबरात आपल्याकडे गणपती, तेव्हा फेब्रुवारी धरायचा, मोहोराची कामं कोणाच्या तरी गळ्यात घालून कणकवलीहून गाडी पकडायची. आधी ओबो एक सूर देते, सगळे त्याला वाद्यं जुळवतात, तिथूनच अंगावर येतं. दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवत नाहीत, शेवटी वाजवतात, कंडक्टरचे हात खाली आले की. आणि तिथे डबल बास ऐकू येतो का हा प्रश्नच नसतो, तो खुर्चीतून पाठीला लागतो.

एवढं सगळं करूनही लक्ष उडत असेल तर वही घ्या, उडालं ते मिनिट आणि सेकंद लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन मिनिटं आधीपासून लावा, तेवढीच चार मिनिटं ऐका आणि बंद करा. माझ्या वहीत मोझार्टच्या चाळीसाव्याच्या पानावर तेच मिनिट अकरा वेळा लिहिलेलं आहे. बाराव्या दिवशी लिहायचं राहिलं, कारण भाग संपला होता आणि मी अजून तिथेच होतो.